शिकवू नका, जवळ बसून ऐका

काल निकालपत्रक न्यायला एक आई आली होती. रोजावर जायचं म्हणून सकाळी सातलाच. निकाल हातात घेतला आणि उभीच राहिली. म्हणाली, "मॅडम, आता जूनपर्यंत शाळा नाही. मले तं लिव्हता-वाचता येत नाही. मी काय शिकवू पोट्टीले?"

तिच्या आवाजातला तो अपराधीपणा आम्हा शिक्षकांनीच तिच्या गळ्यात बांधलाय.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीसाठी थेट १ डिसेंबर २०२१ पासून उघडल्या. त्या काळात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत आम्ही दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपच्या लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकत होतो. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप वावरात. तो घरी येईपर्यंत लेकरू झोपलेलं. वर आम्ही विचारायचो, अभ्यास का नाही घेतला? एका वडिलांना मी फोनवर चांगलंच सुनावलं होतं. ते आठवलं की आजही जिवाला लागतं.

त्यांची मुलगी तेव्हा तिसरीत होती. कापसाची वेचणी सुरू झाली तशी संध्याकाळी त्यांच्या अंगणात काटा लागायचा. वडिलांनी वही मुलीच्या हातात दिली. कोणी किती किलो वेचलं, किलोमागे किती पैसे, बाजाराच्या दिवशी कोणाला किती द्यायचे, सगळं तिच्याकडे. बाया सोडत नसत. "माह्ये दोन किलो कुठी गेले वं बाई?" म्हणून पुन्हा बेरीज करायला लावायच्या. शाळा उघडली तेव्हा ही मुलगी साडेसतरा किलोचे पैसे तोंडी सांगत होती. पुस्तक समोर ठेवलं तर मात्र दुसरीच्या धड्यात अडखळली.

हे तिच्या एकटीचं नव्हतं. मुलांना किती लिहिता-वाचता येतं हे तपासणाऱ्या 'असर' पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के.

मी त्या मुलीचा फार विचार केला. तिचा हिशेब टिकला, कारण दहा बाया रोज त्याची वाट पाहत होत्या. तिचं वाचन ऐकायला कोणीच बसलेलं नव्हतं.

म्हणून त्या आईला सांगितलं, ताई, शिकवू नका. भाकरी टाकताना तिला चुलीजवळ बसवा आणि मोठ्यानं वाचायला सांगा. अक्षर येत नसलं तरी लेकरू कुठं अडलं ते कानाला कळतं. थांबली तर थांबू द्या, आपणच पुढे रेटेल. वाचून झालं की विचारा, "मंग काय झालं?" ती आपल्या वऱ्हाडीत सांगेल, तिथं 'मले'चं 'मला' करायला जाऊ नका. गोष्ट समजली की नाही एवढंच बघायचं. आणि तुमच्या लहानपणच्या गोष्टी, आजीची गाणी, तीही तिला सांगा. आमच्या वर्गात तो साठा नाही.

आईनंच सगळं करायचं, असं मात्र माझं म्हणणं नाही. घरी येऊन फोनवर रील बघत पडणाऱ्या वडिलांना अर्धा तास काढता येतो. मुलगा अभ्यासाला बसतो आणि मुलगी भांडी घासून लहान भावाला खेळवते, हे तर मी घरोघरी पाहिलंय. सुट्टीत तिच्या वाट्याला पुस्तक येतच नाही. याचा मला खरंच राग येतो.

आमच्याही बाजूला चूक आहेच. शाळेतली गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात, हरवली-फाटली तर जबाबदारी कोणाची म्हणून. काल मी कपाट उघडलं. प्रत्येक लेकराला पाच-पाच पुस्तकं दिली आणि आपापसात बदलायला सांगितलं. फाटली तर फाटली.

ती आई पुस्तकं पदरात घेत म्हणाली, "ऐकाले तं येते मले."

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडचे निकाल अजून वाटायचे असतील तर कपाटाची किल्ली आत्ताच शोधून ठेवा. आपल्या विदर्भातल्या शाळा उघडायला जूनची अखेर येते.