आठवीनंतर घरी शिकणाऱ्या लेकरांना गावच्या शाळेचं दार उघडं पाहिजे

आमची दोन्ही लेकरं आठवीनंतर शाळेत गेलेली नाहीत. थोरली एनआयओएस या मुक्त विद्यालयातून दहावी झाली, आता तिथूनच बारावी करतेय. धाकटा यंदा सतरा नंबरचा, म्हणजे खाजगीरित्या परीक्षेला बसायचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी देणार आहे. आम्ही राहतो किनवटला, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, दुसरीकडे गेलं की तेलंगणा. दहावीचे निकाल लागले की दरवर्षी इनबॉक्समध्ये तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय. मोठं होईल, पण वाचा.

पहिला प्रश्न ठरलेला: हे कायद्यात बसतं का? बसतं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या लेकरांसाठी आहे आणि घरी शिकवणाऱ्या आईबापांना शिक्षा करणारं कलम त्यात नाही. आठवी झाली, चौदा वर्षं पूर्ण झाली की त्या कायद्याचा विषयच संपतो. आम्ही दोघांनाही आठवीपर्यंत इथल्याच शाळेत ठेवलं आणि ते बरं झालं असं मला वाटतं. पोरं गावात रुळली, सोबती मिळाले. आजही संध्याकाळी अंगणात येतात ते सगळे त्याच वर्गातले.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. केंद्र सरकारचं आहे, १९८९ पासून चालू आहे. दहावीला चौदा वर्षं पूर्ण पाहिजेत. पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा. वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षं चालतो आणि त्यात नऊ संधी मिळतात. एका दमात सगळे विषय द्यायची सक्ती नाही. थोरलीला गणिताची धास्ती होती. तिने आधी बाकीचे विषय काढले, मग सहा महिने नुसतं गणित घेऊन बसली. शाळेत असती तर त्या एका विषयापायी वर्षभर 'ढ' म्हणवून घ्यावं लागलं असतं. वीस टक्के गुण घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना असतात. दहावीची पुस्तकं मराठीत मिळतात. बारावीला तिने स्वतःहून इंग्रजी माध्यम घेतलं.

सतरा नंबर तर आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे, पण नापासांचा, कामावर जाणाऱ्यांचा रस्ता म्हणून. खरं म्हणजे तो खाजगीरित्या बसणाऱ्या कोणाचाही रस्ता आहे. किमान पाचवी पास आणि वयाची अट पूर्ण असली की झालं. पेपर तेच, परीक्षा तीच, मंडळही तेच. सांभाळायची ती एकच गोष्ट: परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्म पावसाळ्यातच निघतात. दिवाळीत आठवण झाली तर काही उपयोग नाही. धाकट्याने हा रस्ता का घेतला? त्याला मित्रांसोबत तोच पेपर द्यायचाय, आणि पुढे अकरावीला कॉलेजात जायचंय. जाऊ दे की. घरी शिकवायचं म्हणजे कायमचं घरीच शिकवायचं असं आम्ही कधी ठरवलेलं नाही. याशिवाय राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी, आठवी, दहावीच्या परीक्षा होतात.

"एनआयओएसवाल्यांना 'नीट' ही डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा देता येत नाही" ही अफवा मात्र आता कृपा करून थांबवा. आधी तशी आडकाठी होती. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातला वादही मिटला.

आता आम्ही हे का केलं ते सांगते. किनवटसारख्या गावात दहावीनंतर हुशार लेकराचं काय करायचं याचं उत्तर ठरलेलं असतं: लातूर नाहीतर नांदेड. लातूर पॅटर्नचं मला कौतुक आहे. तिथल्या शिक्षकांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत पोरांसाठी घाम गाळून ते नाव कमावलंय, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात त्यामुळे पहिला डॉक्टर झाला. पण त्याचा अर्थ आपल्या गावांनी काय घेतला? पंधरा वर्षांचं लेकरू ट्रंक भरून हॉस्टेलला टाकायचं. क्लासची फी, मेस, खोलीभाडं, यासाठी कोणी एकरभर विकतं, कोणी सोनं गहाण ठेवतं. आणि नाव घालायचं अशा कॉलेजात जिथे हजेरीला कोणी विचारत नाही. हे इतकं वाढलं की शासनाला २०१८ मध्ये अकरावी-बारावी विज्ञानाच्या वर्गांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. म्हणजे हजारो पोरं आजही शाळेबाहेरच शिकतायत. फक्त कागदावर शाळेत आहेत. त्यांना कोणी नावं ठेवत नाही. आम्ही कागदावरही जे खरं आहे तेच लिहिलं, तर "पोरांच्या आयुष्याशी खेळायलात" म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

हे जमतं ते माझी बी.एस्सी. केमिस्ट्रीत झाली म्हणून, आणि ह्यांचं दुकान गावातच आहे म्हणून. दिवसातले चार-पाच तास मला पोरांसाठी मोकळे मिळतात. ज्या घरात दोघंही सकाळी रानात जातात त्यांना मी हा सल्ला देणार नाही. ही सोय सगळ्यांच्या नशिबात नाही, हे मान्य करूनच पुढचं लिहितेय.

घरी शिकणं कसं असतं त्याचा एक नमुना सांगते. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि पाणी तापवायच्या भगुण्याला आतून पांढरा थर बसतो. एनआयओएसच्या रसायनशास्त्रात पाण्याच्या कठीणपणाचा भाग आला तेव्हा थोरलीने तीन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत तेच उकळून गाळलेलं, तिसरीत पन्हाळाखाली धरलेलं पावसाचं. प्रत्येकीत साबणाचं पाणी थेंबाथेंबाने मोजून टाकायचं, हलवायचं, फेस टिकेपर्यंत. पावसाच्या पाण्याला लगेच फेस धरला. उकळलेल्याला जरा जास्त थेंब लागले. बोअरच्या पाण्यात कितीतरी थेंब गेले तरी वर नुसती साय जमली. मग भगुण्याचा थर चमच्याने खरवडून त्यावर लिंबू पिळलं, तर फसफसलं. बायकार्बोनेट उकळल्यावर मोडतं, कॅल्शियम कार्बोनेट तळाला बसतं, त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साईड निघतो: हे तिला पाठ करावं लागलं नाही. आणि उकळूनही जो कठीणपणा राहिला तो कशाचा, हे तिनेच पुस्तकात शोधलं. सल्फेट आणि क्लोराईड. त्यानंतर शेजारच्या काकूंना डाळीत चिमूटभर सोडा का टाकायचा हे तीच समजावून सांगत होती.

धाकट्याचं वेगळं. त्याला इतिहास आवडतो, पण आपला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याला सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनापलीकडे कोणी सांगितलं नव्हतं. उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि त्या पैशातून लढ्याचा खर्च भागला, हे वाचल्यावर त्याने हट्टच धरला. बापलेक रेल्वेने उमरीला जाऊन आले. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून त्याने वहीभर लिहून आणलंय. त्याला त्याचे गुण मिळणार नाहीत. पण आता पुस्तकात एखाद्या लढ्याचं नाव आलं की तो विचारतो, "मम्मी, यांना पैसे कुठून आले असतील?"

आणि आता अडचणी, ज्यांच्यासाठी खरं म्हणजे ही पोस्ट आहे.

शाळेतून दाखला काढायला गेलो तेव्हा मुख्याध्यापक नाराज झाले. त्यांचंही मी समजू शकते. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं. पण टीसीसाठी आम्हाला जे हेलपाटे घालावे लागले ते एखाद्या कमी शिकलेल्या आईने घातले नसते, तिने नाद सोडला असता. मग बोनाफाईड. एसटीचा विद्यार्थी पास काढायचा तर बोनाफाईड. कुठल्या स्पर्धेत नाव द्यायचं तर बोनाफाईड. बारावीला जात पडताळणीचा अर्ज करायचा तर तोही कॉलेजातूनच. धाकटा कबड्डी चांगली खेळतो, तालुक्याला खेळून आला होता. शालेय स्पर्धा मात्र आता त्याला बंद, कारण तो कुठल्याच शाळेच्या पटावर नाही. त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. प्रयोगशाळेचं तर विचारूच नका. थोरलीच्या प्रात्यक्षिकांसाठी आम्हाला नांदेड गाठावं लागतं, आणि घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एका शाळेत ब्युरेट आणि पिपेट कपाटात धूळ खात पडलेत. आठवड्यातून दोन तास बसू द्या, काही फुटलं तर भरून देतो, असं लिहून दिलं होतं. नियमात बसत नाही म्हणाले.

माझी मागणी एवढीच आहे. आठवीनंतर घरी शिकणाऱ्या प्रत्येक लेकराची नोंद गटशिक्षणाधिकारी कार्यालयात व्हावी, तिथूनच त्याला ओळखपत्र मिळावं, आणि त्या ओळखपत्रावर गावच्या शाळेची प्रयोगशाळा, वाचनालय आणि मैदान ठरलेल्या वेळी त्याला वापरता यावं. तालुक्याच्या स्पर्धेत खेळता यावं. या शाळा आपल्याच पैशातून चालतात.

ही नोंद दुसऱ्या कारणासाठीही पाहिजे, आणि हे कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. थोरलीने शाळा सोडली तेव्हा गल्लीतल्या एका बाईंनी मला सरळ विचारलं, "पोरीला घरीच ठेवलाव? स्थळं बघायलाव का?" त्या चुकीचं बोलल्या नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या. परभणीत ४८ टक्के. बीडमध्ये ४३.७. हे आपले जिल्हे आहेत. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला आईबाप निघाले की वयात आलेली पोरगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न बीडच्या वाड्यावस्त्यांवर दरवर्षी उभा राहतो, आणि त्याचं उत्तर अनेकदा लग्नात निघतं. सातवी-आठवीनंतर पुढची शाळा दुसऱ्या गावाला असली की पोरीचं नाव आपोआप गळतं. पोरींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास योजनेच्या निळ्या बस सुरू झाल्या म्हणून कितीतरी पोरी दहावीपर्यंत पोचल्या, त्या बसची एक फेरी बंद पडली तरी कोणाची शाळा सुटते हे आम्ही इथे बघतो.

म्हणून उद्या कोणी "घरी शिकवतो" म्हणून पोरीचा दाखला नेला आणि कोणीच विचारलं नाही, तर ती शिकतेय की तिची हळद लागलीय, हे कळणार कसं? अधिकाऱ्यांनी आमच्या घरी यावं. वर्षातून दोनदा यावं, वह्या बघाव्यात, आम्हाला बाहेर बसवून पोरीशी एकटीशी बोलावं. तिने एनआयओएसला नाव घातलंय का, परीक्षा दिलीय का, हे तपासावं. घरी शिकवणारे काही पालक याला सरकारची ढवळाढवळ म्हणतात, शहरातल्या ग्रुपवर मी ते रोज वाचते. पुण्या-मुंबईत बसून तसं म्हणणं सोपं आहे. मराठवाड्यात राहून मला ते म्हणवत नाही. माझ्या लेकीच्या वह्या दाखवायला मला कसलीच अडचण नाही, आणि माझ्या वह्या तपासल्याने दुसऱ्या कोणाची पोरगी वाचणार असेल तर रोज या.

आणि कमी पटाच्या शाळा बंद करायचा विषय निघाला की कृपा करून आमचं उदाहरण पुढे करू नका. "पालक घरीही शिकवू शकतात की" असं एका चर्चेत माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं गेलं, तेव्हा मी तिथेच विरोध केला. तांड्यावरच्या, आदिवासी गुड्यावरच्या लेकराला जिल्हा परिषदेची शाळा हा एकच आधार आहे. ती शाळा टिकली पाहिजे, शिक्षक मिळाले पाहिजेत, आणि त्याच शाळेचं दार आमच्या लेकरांनाही अर्धं तरी उघडं राहिलं पाहिजे.

किनवट, माहूर, हिमायतनगर, हदगाव भागातल्या ज्या पालकांना हा रस्ता घ्यायचाय त्यांनी मेसेज करा, रविवारी दुपारी घरी या, पोराला किंवा पोरीला सोबत आणा, कारण आधी मी त्यांच्याशीच बोलेन. येण्याआधी दोन कामं करा. शाळेतून मूळ टीसी आणि आठवीचं गुणपत्रक हातात घ्या. आणि टीसीवरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. फॉर्म अडकतात ते जास्त करून तिथेच.