कशाचा फोटो काढताय?

वाघाचे फोटो काढणाऱ्यांबद्दल लोकांना फार आदर असतो. मला त्यांचा हेवा वाटतो. वाघ चिडेल, अंगावर येईल, अगदीच वेळ वाईट असेल तर खाईलही, पण जवळ येऊन, मान वाकडी करून "कशाचा फोटो काढताय?" असं विचारणार नाही. लग्नातल्या फोटोग्राफरलाही हे कुणी विचारत नाही, कारण नवरा-नवरी समोरच उभे असतात. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याच्या नशिबी ते सुख नाही. त्यातून बाईमाणूस, पन्नाशी उलटलेली, गळ्यात कॅमेरा, आणि समोर बघावं तर भिंत.

आता ती भिंत काही नुसती नसते. दुपार कलली की शेजारच्या इमारतीच्या लोखंडी जिन्याची सावली तिच्यावर तिरकी उतरते. भिंतीचा पिवळा रंग जिथे जिथे पोपडे धरून सुटलाय तिथे ऊन अडखळतं. खेळ थोड्याच वेळाचा. मग सावली वर सरकते आणि भिंत परत भिंत होते. तेवढ्यात डावीकडून कुणीतरी यावं, शक्यतो छत्री घेऊन, छत्री शक्यतो काळी, आणि सावलीतल्या पायऱ्यांवरून चालल्यासारखं दिसत पलीकडे निघून जावं, एवढीच माझी मागणी. आधी रंगमंच हेरायचा आणि मग पात्राची वाट बघायची, ही या छंदातली जुनी युक्ती आहे.

पात्र येतं. फक्त ते भिंतीपुढून जात नाही. ते माझ्याशेजारी येऊन उभं राहतं आणि भिंतीकडे बघू लागतं.

एक माणूस भिंतीकडे बघत असला तर तो विक्षिप्त; दोन बघत असले तर काहीतरी घडलंय. तिसरा येतो तो थेट माहिती घेऊनच. "रुंदीकरणात जातेय ही," तो सांगतो. "छे, छे, विम्याचं प्रकरण आहे," चौथा. पाचव्याला तडा दिसतो. तो बोटाने दाखवतो, मग सगळ्यांनाच दिसतो. एवढ्यात फाटक उघडून घरमालक बाहेर येतात. हातात फाइल असते. "हे बघा ताई, आमचं सगळं रीतसर आहे. नकाशा मंजूर आहे. दाखवू?"

"अहो, मी उन्हाचा फोटो काढतेय."

शांतता पसरते. सगळे उन्हाकडे बघतात. मग मालक, वेड्या माणसाला न दुखावता बोलावं त्या स्वरात, म्हणतात, "ऊन त्या नव्या इमारतीवरपण आहे. तिकडे घ्या ना. तिचा रंगही नवा आहे."

आणि त्याच क्षणी डावीकडून छत्री येते. काळी. हवी तशी, हवी तिथे. छत्रीखालचे गृहस्थ गर्दी बघतात, थबकतात, छत्री मिटतात आणि माझ्या बाजूला येऊन विचारतात, "काय झालं?"

माणसाचा सर्वांत जुना ज्ञात फोटो असाच रस्त्याचा आहे. 1838 मध्ये दागेर या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा उंचावरून फोटो घेतला. त्या तंत्रात प्लेट कित्येक मिनिटं उजेडात ठेवावी लागे. रस्त्यावर वर्दळ असणार, गाड्या-घोडे असणार, पण चालता-पळता एकही जीव प्लेटवर उमटला नाही. ठळक उमटला तो एकच माणूस, बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला. जो थांबला तो इतिहासात गेला. आता कॅमेरा सेकंदाच्या पाचशेव्या भागात काम उरकतो. चालणाऱ्यांनी चालतच राहावं, म्हणून विज्ञानाने एवढे कष्ट घेतले. आणि आता लोक थांबतात.

थांबतात तेही नेमके चुकीच्या अंतरावर. रस्त्यावर फोकस करत बसायला वेळ नसतो, म्हणून तो आधीच लावून ठेवायची पद्धत आहे. 35 मिलिमीटरची लेन्स, एफ-8 चं छिद्र, फोकस तीन मीटरवर. मग साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत जे येईल ते स्पष्ट. माझ्या अनुभवात माणूस तीन मीटरवरून मला बघतो, भुवया उंचावतो आणि प्रश्न विचारायला एक मीटरवर येतो. माझ्या संग्रहात अशा जिज्ञासू चेहऱ्यांची एक मोठी दालनभर मालिका तयार होईल. सगळे धूसर.

हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचा एक फोटो या छंदातल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. 1932, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागची जागा, साचलेलं पाणी, आणि त्यावरून उडी मारणारा एक माणूस. टाच पाण्याला टेकणार, पण अजून टेकलेली नाही. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीत लेन्स घालून काढलेला. सौंदर्य असंही असतं, हे मला त्या फोटोने पटवलं. आता टाच टेकल्यावर त्या माणसाचं काय झालं असेल, बुटात पाणी गेलं असेल का, तो कुणाला काय बोलला असेल, हे प्रश्न मी कधी विचारले नाहीत. कलाप्रेमी माणसाने विचारू नयेत.

आमच्या बसथांब्यापुढे पावसाळ्यात असंच मोक्याचं डबकं साचतं. त्यात मागच्या जाहिरातीच्या फलकाचं प्रतिबिंब पडतं, बसचा लाल रंग पसरतो, वरच्या तारा पाण्यात जाऊन नागमोडी होतात. मी पलीकडे दबा धरून बसले. कुणीतरी उडी मारणार, हे नक्की होतं. एक तरुण आला, त्याने डबक्याचा अंदाज घेतला, पँट वर ओढली, मागे सरकला...

"ओ दादा, तिकडून या! तिथे खोल आहे!"

ओरडणाऱ्या काकांना मी त्या क्षणी काय शाप दिला ते इथे लिहिता येणार नाही. पुढचा येईपर्यंत थांबावं म्हटलं, तर शाळेतून सुटलेली दोन पोरं माझ्याकडे बघत होती. त्यांनी आपसात काहीतरी ठरवलं. "काकू, तुम्हाला पलीकडे जायचंय का?" मी नाही म्हणेपर्यंत पोरं कुठूनतरी विटा घेऊन आली. एक वीट, दुसरी वीट, वर फळी. मग ज्याला उडी मारायची होती तोही फळीवरून गेला, ज्याला नव्हती तोही गेला. एका आजींना पोरांनी हात धरून नेलं. मग मलाही नेलं, माझं पलीकडे काहीही काम नसताना. उजव्या हाताला एक पोरगा, डाव्या हाताला दुसरा, आणि कॅमेरा पोटावर लोंबकळतोय. आयुष्यात इतका सुंदर प्रसंग मी रस्त्यावर क्वचितच पाहिलाय, आणि मी स्वतःच त्यात असल्यामुळे त्याचा फोटो नाही. शहरातल्या माणुसकीने माझं जितकं नुकसान केलंय तितकं चोरांनी केलेलं नाही.

यावर उपाय म्हणजे लपून फोटो काढणे. थोरामोठ्यांनी तेही केलंय. वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ओव्हरकोटाखाली कॅमेरा दडवला होता. बटणांच्या मधून लेन्स डोकावायची आणि शटरची दोरी बाहीतून हातात. आपल्या उकाड्यात ओव्हरकोट घालून डब्यात बसलं तर लोक कॅमेरा बघणार नाहीत, हे खरं आहे. ते डॉक्टर शोधतील. आणि खरं सांगायचं तर मला ते पटतही नाही. समोरच्याने हात आडवा केला तर कॅमेरा खाली घ्यायचा, एवढी सवलत तरी त्याच्याकडे हवी. कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकाकत्या भागांवर काळी पट्टी चिकटवायचे, तिथपर्यंत ठीक. मीही चिकटवली. लगेच एका सज्जनांनी विचारलं, "फुटलाय का हो?"

या बाबतीत खरी हुशार निघाली ती व्हिव्हियन मायर. शिकागोत लोकांची मुलं सांभाळणारी बाई. मुलांना फिरवता फिरवता तिने आयुष्यभरात लाखावर फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. गोदामाचं भाडं थकलं म्हणून 2007 मध्ये तिच्या खोक्यांचा लिलाव झाला, तेव्हा कुठे ते बाहेर आले. 2009 मध्ये ती वारली. तिचा कॅमेरा पोटाशी धरून, वरून खाली त्यात बघून वापरायचा असे, त्यामुळे समोरच्याला आपल्यावर रोखलंय असं वाटत नसे, असं जाणकार सांगतात. असेल. मला मात्र वाटतं, खरं कारण मुलं. सोबत लहान मूल असलं की बाईला रस्त्यात कुणी काही विचारत नाही. ती भिंतीकडे बघत असली तरी मुलासाठीच बघत असणार, अशी समाजाची खात्री असते. माझी मुलं मोठी झाली आणि माझा परवाना गेला.

मग पहाटेची वेळ धरून पाहिली. पहाटे रस्ते मोकळे, उजेड मऊ, शटर बंद असलेल्या दुकानांवर दिव्यांचे डाग. पण पहाटे बाहेर पडते ती फिरायला जाणारी मंडळी. दुपारचा माणूस घाईत असतो, एका प्रश्नावर सुटका होते. पहाटेचा माणूस सोबत चालू लागतो. त्याच्या पुतण्याकडेही कॅमेरा असतो. तो पुतण्या पक्ष्यांचे फोटो काढतो. "फार सुंदर काढतो हो," असं म्हणून ते माझ्या कॅमेऱ्याकडे, आणि मग ज्या कचराकुंडीवर मी तो रोखलेला असतो तिच्याकडे, बघतात.

घरी वेगळी परीक्षा. नवरा फोटो बघतो तो तपासनिसाच्या नजरेने. "हा खांब मधे का आलाय?" त्याला मी रघुबीर सिंग या आपल्याकडच्या छायाचित्रकाराचे फोटो दाखवले. रंगीत फोटो, एकेका चौकटीत चार-चार गोष्टी चाललेल्या; ॲम्बेसेडर गाडीची खिडकी, दार, आरसा सगळं मधे मधे येणारं आणि त्यामुळेच फोटो उभा राहणारा. त्याने बराच वेळ पाहिलं. "त्यांच्या मधे गाडी आलीय. तुझ्या मधे खांब आलाय," तो म्हणाला. यावर उत्तर नाही. गॅरी विनोग्रँड हे रस्त्यावर फोटो काढणारे अमेरिकन छायाचित्रकार 1984 मध्ये गेले तेव्हा त्यांच्यामागे फिल्मचे अडीच हजारांच्या आसपास रोल डेव्हलप न केलेले उरले होते, असं मी एकदा भाबडेपणाने सांगून बसले. तेव्हापासून घरातल्या संगणकाची जागा भरली की त्या बिचाऱ्याचं नाव निघतं.

या सगळ्यात एक वॉचमन भेटला. एका व्यापारी संकुलाच्या दाराशी त्याची प्लास्टिकची खुर्ची असते. एक पाय मोडलेला, काठी लावून सुतळीने बांधलेला. पाठीवर डिंकाने चिकटवलेला पुठ्ठा. बसायच्या जागी दुमडलेला टॉवेल. समोरच्या काचेच्या इमारतीवरून ऊन उलटून येतं आणि त्या खुर्चीच्या भोवती पाण्यासारखं हलतं. त्यावेळी ती खुर्ची सिंहासन वाटते. मी कॅमेरा उचलला आणि शिट्टी वाजली.

"मॅडम, परवानगी आहे का?"

आत पन्नास माणसं मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होती. त्यांना परवानगी लागत नाही. मोठा कॅमेरा म्हणजे मोठा हेतू, असं व्यवस्थापनाचं मत असतं. मी म्हटलं, मला संकुलाचा नको, या खुर्चीचा हवाय. त्याचा चेहरा बदलला. "माझी खुर्ची? थांबा, थांबा." त्याने टॉवेलने खुर्ची स्वच्छ पुसली, पुठ्ठा काढून टाकला, मोडका पाय भिंतीच्या बाजूला फिरवला, आतून ऑफिसची चाकांची खुर्ची आणून शेजारी ठेवली आणि म्हणाला, "ही घ्या. ही चांगली आहे."

पुठ्ठा परत लावायला त्याला राजी करण्यात ऊन निघून गेलं. पण आठवडाभराने तिथून जात होते तर त्यानेच हाक मारली. "मॅडम, चार वाजता या. आता काही नाही. चारला त्या भिंतीवर जाळी पडते." गेले. खरंच पडत होती. वरच्या मजल्याच्या ग्रिलची, काचेतून उलटून आलेली, दुहेरी. इतकी वर्षं डोळे फोडून मला ती दिसली नव्हती. त्याची ड्यूटी बारा तासांची. त्याला दिसली, आणि मी विचारेपर्यंत सांगावी अशी ती गोष्ट आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

तेव्हापासून माझे हाल वेगळेच आहेत. मी पोचायच्या आत तो भिंतीसमोरच्या स्कूटर हलवून ठेवतो, "सावली अडत होती." मी कॅमेरा लावला की दोन्ही बाजूंची माणसं अडवतो. "थांबा, फोटो चाललाय." भिंत स्वच्छ, जाळी स्पष्ट, आणि फूटपाथवर चिटपाखरू नाही. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं की अरे बाबा, मला माणसं हवीत, जाणारी-येणारी, आपल्या नादात असलेली. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि मान डोलावली.

परवा गेले तर अडवलेल्या लोकांची रांग लागली होती आणि तो त्यांना एकेक करून सोडत होता. "हं, तुम्ही जा. सावकाश. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, आपल्या नादात जायचं." रांगेत एक गृहस्थ होते, काखेत मिटलेली काळी छत्री. वॉचमनने माझ्याकडे एक अर्थपूर्ण नजर टाकली.

"छत्री उघडा."

"पाऊस कुठाय?"

"पावसाचा नाही, उन्हाचा फोटो आहे. उघडा."

गृहस्थांनी निमूटपणे छत्री उघडली आणि आपल्या नादात असल्यासारखे चालू लागले. रस्त्यावरचा फोटो ठरवून काढू नये, घडेल ते टिपावं, असा आमच्यात दंडक आहे. पण समोरचा तोंडात शिट्टी धरून माझ्या बोटाकडे बघत होता, आणि छत्री जाळीच्या बरोबर मधे आली होती. मी शटर दाबलं.