ऐंशी देको अपमान

माझ्या फ्रीजमध्ये सध्या डबाभर बीफ गुलाश, म्हणजे गोमांसाचा दाट रस्सा, पडून आहे आणि तो चावून चावून माझा जबडा दुखतोय. माझ्या हाताची चव गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हे सगळं मोहेरची, म्हणजे केसाळ लोकरीची, टोपी घातलेल्या एका आजीबाईंचं कर्तृत्व.

मी पोलंडमध्ये, व्रॉत्स्वाफला राहतो. शनिवारी मित्र जेवायला येणार होते आणि ‘तुमच्या पद्धतीचा गुलाश तुम्हालाच खाऊ घालतो’ असं मी फुशारकीत बोलून बसलो होतो. म्हणून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मांसाच्या दुकानात रांग लावली. काचेमागे प्रेंगेचा शेवटचा तुकडा होता. प्रेंगा म्हणजे जनावराच्या नडगीचं मांस. त्यात पांढऱ्या चिवट शिरा असतात, आणि गुलाशाची सगळी मजा त्या शिरांतच असते. मंद आचेवर तीनेक तासांत त्या विरघळतात, रस्सा दाट होतो, ओठांना चिकटतो. इथे लोक डुक्कर आणि कोंबडी रोज खातात. बीफ महाग, त्यामुळे दुकानात ते बेताचंच ठेवतात. तुकडा बघून मी म्हणालो, “ऐंशी देको.” देको म्हणजे दहा ग्रॅम. इथे हे माप बरोबर बोललात की दुकानदार तुमच्याकडे जरा माणूस म्हणून बघतो.

“प्रोशे पाना,” मागून आवाज आला. म्हणजे अहो महाशय. “हे कशाला हवंय?”

पोलंडमधल्या म्हाताऱ्या माणसांशी रांगेत वाद घालू नये. 1981 ते 1989 या देशात मांस रेशनकार्डावर मिळत होतं. त्या काळात ज्यांनी पहाटेपासून दुकानाबाहेर उभं राहून संसार केला, त्यांच्यासाठी रांग हा आखाडा आहे. आपण त्यात नुसते उभे असतो. ती माणसं डाव टाकत असतात.

“गुलाशाला,” मी म्हणालो.

“आणि तुम्ही कुठले?”

“भारतातला.”

आजीबाईंनी एक पाऊल मागे घेतलं आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पण तुमच्यात गाय पवित्र असते ना?”

सगळी रांग वळली. दुकानदाराचा सुरा हवेत थांबला. सॉसेज घ्यायला आलेला एक पोरगा माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला, की मी आता देवाची क्षमा मागून गोमूत्र शिंपडणार.

मी वसईचा कॅथलिक. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पण आमची देवळं, म्हणजे चर्च, राहिली, आम्हीही राहिलो. आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना 1597 मध्ये नागासाकीत क्रुसावर मारलं आणि 1862 मध्ये ते संत झाले. हे सगळं मला तिथे सांगायचं होतं. पण माझ्या पोलिशला अजून भूतकाळ येत नाही. त्यामुळे तोंडातून निघालं ते एवढंच : “मी कॅथलिक. आजोबा कॅथलिक. आजोबांचे आजोबा कॅथलिक.”

“कॅथलिक?” आजीबाईंनी टोपी सारखी केली. “मग आज शुक्रवार आहे.”

इथल्या चर्चचा नियम असा, की वर्षभर शुक्रवारी मांस वर्ज्य. आमच्याकडे ईस्टरआधीच्या उपवासकाळातले शुक्रवार कडक पाळतात, बाकीच्यांचं ज्याचं त्याने बघावं. म्हणजे दोन मिनिटांत मी हिंदू म्हणूनही नापास झालो आणि ख्रिस्ती म्हणूनही. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने मान हलवून आजीबाईंना दुजोरा दिला. त्याच्या पिशवीतून हॅम डोकावत होतं.

“खाणार उद्या,” मी म्हणालो. “आज शिजवणार. शिळा गुलाश जास्त चांगला लागतो.”

हे मात्र त्यांना पटलं. इतकं पटलं, की त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. “मग ही प्रेंगा नको हो! काय त्या शिरा! लिगावा घ्या. बघा कशी स्वच्छ, एक रेषा नाही चरबीची. शंभर माणसांत वाढावी अशी.”

मी दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने छताकडे पाहिलं. त्याला माहीत होतं! लिगावा मांडीमागचा तुकडा, चरबी नाही, शिरा नाही, तासनतास शिजवला की कोरडा ठक्क. हे कसायाला माहीत नसेल तर कोणाला? पण रांग वाढली होती, कोणीतरी जीभ चुकचुकवली, आणि मी मान डोलावली. लिगावा महाग पडली. मी पैसे काढतोय तोच कानावर आलं, “आणि मला ती प्रेंगा द्या. सगळी.”

जाताना मला म्हणाल्या, “स्माच्नेगो!” चवीने जेवा.

राग मांसाचा नाही. मुंबईत खोली शोधत होतो तेव्हा दलाल आधी आडनाव विचारायचे, मग घरात काय शिजतं ते विचारायचे, आणि मग खोली ‘आत्ताच गेली’ म्हणायचे. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने गायीपाठोपाठ बैलही बंद झाला, आई तेव्हापासून म्हशीच्या मांसावर भागवते. वाटलं होतं, एवढ्या लांब आल्यावर निदान पातेलं तरी माझं असेल. तर इथे धर्म तपासून झाल्यावर तुकडाही दुसऱ्यानेच ठरवला.

असो. डुकराच्या चरबीत पीठ लावलेले तुकडे परतले, कांदा लाल केला. गोडी पाप्रिका घालताना भांडं आचेवरून उतरवायचं असतं, नाहीतर तिच्यातली साखर जळून कडू होते. तेही केलं. तमालपत्र, ऑलस्पाइसचे मणी, टोमॅटोची पेस्ट, शेवटी मारजोरम. घरभर असा वास सुटला, की मलाही खोटी आशा वाटू लागली. तीन तासांनी एक तुकडा तोंडात टाकला. काथ्या! पाणी घालून अजून एक तास ठेवला. ओला काथ्या.

शनिवारी मंडळी आली. सोबत भाजलेल्या बकव्हीटचा, म्हणजे कुट्टूचा, भात होता. उत्तरेत नवरात्राच्या उपवासाला चालतो तो हा कुट्टू, त्याच्यावर मी बीफ वाढत होतो, आणि याबद्दल मात्र कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. त्यांच्यातला हंगेरियन मित्र ताटात बघून म्हणाला, “हा गुलाश नाहीच. आमच्याकडे गुलाश म्हणजे सूप. हे पर्कल्ट झालं.” जेवताना कोणी फारसं बोललं नाही, कारण तोंडं गुंतली होती. कुट्टू संपला, आंबवलेल्या काकड्या संपल्या, मांस उरलं.

रात्री वसईला फोन करून आईला सगळं सांगितलं. प्रेंगा, लिगावा, ती सगळी फसवणूक. म्हटलं, निदान घरचं माणूस तरी आपली बाजू घेईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई बोलली त्यात चुकलं काय?” आई म्हणाली. “शुक्रवारी बीफच्या रांगेत उभा होतास आणि वर गोन्सालो गार्सियाचं नाव सांगणार होतास?”