बिनवायरची वायर

दिवाळीला पुण्याहून भाचा आला आणि मला एक काळी तबकडी देऊन गेला. म्हणाला, "मामा, वायरची कटकट संपली. फोन नुसता वर ठेवायचा." तो गेल्यावर मी तबकडी उलटसुलट करून पाहिली. तिलाच दीड हात लांब वायर होती.

पहिल्या रात्री फोन ठेवला, टिंग वाजलं, मी कृतार्थ होऊन झोपलो. सकाळी उठून बघतो तर एकतीस टक्के. तपास केल्यावर कळलं, रात्री कॉलनीच्या ग्रुपवर नळाच्या पाण्याची वेळ बदलल्याचे मेसेज आले होते. दर मेसेजला फोन थरथरला, दर थरथरीला केसभर सरकला आणि शेवटी तबकडीवरून अर्धं बोट बाजूला जाऊन पडून राहिला. पाणीही गेलं, चार्जिंगही गेलं.

भाच्याला फोन लावला. तो इंजिनिअर, त्यामुळे सरळ उत्तर मिळालं नाही. तबकडीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि तसंच एक फोनच्या पाठीत. खालच्यात सेकंदाला लाखाच्या वर वेळा दिशा बदलणारी वीज खेळवली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वरच्यात वीज उमटते. फॅरडेनं हे १८३१ सालीच दाखवून दिलंय म्हणे. दोन्ही वेटोळी बरोबर एकावर एक आली तर ठीक. सरकली की वीज वाटेत सांडते, आणि सांडलेल्या विजेची होते उष्णता. विहिरीवरून घागर आणताना हिंदकळून पदर भिजावा, तसं. फरक इतकाच, की इथं पदर पेटायची वेळ येते.

सौभाग्यवतींनी तबकडीच्या बरोबर मधोमध एक टिकली चिकटवली. तेव्हापासून रोज रात्री मी डोळे बारीक करून टिकलीवर फोन टेकवतो. लग्नात अंतरपाटापलीकडे नेम धरून अक्षता टाकल्या, तेव्हाही इतकं लक्ष दिलं नव्हतं.

एप्रिल उजाडला. सांगलीचा एप्रिल म्हणजे दुपारी भिंतीला पाठ टेकवली तर भिंतच सरका म्हणते. पारा ४०च्या आसपास. फोनवाले स्वतः सांगतात, ३५ अंशांच्या वर वापरू नका. म्हणजे सांगलीत मार्च ते मे फोन वापरूच नये. तबकडीवरून उचललेला फोन तव्यावरच्या भाकरीसारखा लागे. त्यात वर जाड कव्हर, म्हणजे तापाच्या माणसाला गोधडी! एकदा तर फोननेच मजकूर झळकवला, की तापमान वाढल्याने चार्जिंग थांबवलं आहे. आईनं तोच फोन उचलला आणि गुडघ्याला लावला. "छान शेक बसतोय रे," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं तेलाची स्टीलची वाटी थेट तबकडीवर ठेवली. तबकडीचा दिवा लाल लुकलुकू लागला. धातू ओळखून ती आपसूक थांबते, हे मला नंतर कळलं. आईनं मात्र निकाल दिला: "माणसाला तापवतंय, तेलाला नाही. कामाचं नाही."

बॅटरी महिन्यागणिक ढासळत चालली. शेवटी शेजारच्या अण्णांकडे रडलो. अण्णा हळदीचे व्यापारी, बॅटरीशी त्यांचा संबंध टॉर्चपुरता. ते म्हणाले, "आवो, माल म्हणजे माल. हरिपूरला पेवात हळद जमिनीच्या पोटात गार ठेवायचे, वर्षानुवर्षं टिकायची. तुम्ही माल उन्हात मांडताय आणि वर गच्च भरून ठेवताय. सडणार नाही तर काय?"

माणूस हळदीचा, पण निदान फोनच्या लिथियम बॅटरीचं. उष्णतेत बॅटरीच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात, आणि शंभर टक्के भरून ऊबेत ठेवली तर आणखीच. भाच्यानंही तेच सांगितलं होतं, पण ते इंग्रजीत आलं होतं. (पेवांची गोष्ट सांगताना २००५च्या पुरात त्यांचं काय झालं, हे अण्णांनी वगळलं. मीही विचारलं नाही.)

फोन मी मुकाट्यानं जुन्या वायरवर आणला. ऐंशी टक्क्यांना काढतो, कव्हर उतरवून शहाबादी फरशीवर ठेवतो. तबकडी आता पापडांच्या डब्याखाली आहे.

घोळ उरला तो मनगटावरच्या घड्याळाचा. त्याला वायर खुपसायला भोकच नाही, बिनवायरच्या चकतीशिवाय इलाज नाही. बॅटरी एवढीशी, तिला ताप लवकर बाधतो. म्हणून मी त्याला पहाटे गारव्यात, मोरीच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावतो. ऐंशी टक्क्यांना काढायचं म्हणून गजर लावून उठतो. गजर अर्थात घड्याळातच आहे.

परवा सौ. अंथरुणातूनच म्हणाली, "अहो, किती वाजले?"

म्हटलं, "थांब, त्र्याऐंशी झालेत. काढून सांगतो."