धूर न मोजताच मिळालेले प्रमाणपत्र

गेल्या आठवड्यात परभणीत मी तीन पीयूसी (गाडीचा धूर मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र) केंद्रांवर गेलो आणि तिन्ही ठिकाणी एकच विनंती केली, की माझ्या गाडीचा धूर खरोखर मोजा. एकानेही तो मोजला नाही. प्रमाणपत्र द्यायला मात्र तिघेही तयार होते, आणि याच गोष्टीचा मला अजूनही संताप येतो आहे.

माझी डिझेल गाडी 2010 सालची आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी चालू पीयूसी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले, तेही भरायला मी तयार होतो. गाडी चढावर काळा धूर सोडू लागली होती, म्हणून अर्ज करण्याआधी मिस्त्रीकडून नोझल साफ करून घेतले, एअर फिल्टर बदलले आणि एवढा खर्च केल्यावर धूर किती कमी झाला हे आकड्यात कळावे, इतकीच माझी अपेक्षा होती.

पहिल्या केंद्रावरच्या मुलाने मोबाईलवर नंबरप्लेटचा फोटो काढला, तो सरकारी वाहन पोर्टलवर चढवला आणि दोन मिनिटांत कागद छापून माझ्या हातात ठेवला. धुराच्या नळकांड्यात घालायची नळी मागे खिळ्याला टांगलेली होती. तिच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबलेला होता आणि त्या बोळ्यावर धुळीचा जाड थर बसला होता. मी म्हणालो, ‘‘बाळा, नळी लावून बघ ना.’’ तो म्हणाला, ‘‘काका, कागदच लागतोय ना तुम्हाला? मग धूर कशाला मोजायलाव?’’ माझ्या कागदावरचा धुराच्या काळेपणाचा आकडा होता 0.84. माझ्या पुढे उभ्या असलेल्या पिकअपवाल्याचा कागद मी मागून पाहिला, तर त्यावरही 0.84. फलकावर लिहिलेल्या दराच्या दुप्पट पैसे त्याने आम्हा दोघांकडूनही घेतले.

डिझेल गाडीची तपासणी कशी व्हायला हवी, हे काही गुपित नाही. इंजिन गरम करायचे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, नळी आत घालून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा, असे पुन्हा पुन्हा करून आलेल्या आकड्यांची सरासरी काढायची. आमच्याकडे 2010 मध्ये बीएस-4 च्या आधीच्याच गाड्या विकल्या जात होत्या (बीएस म्हणजे गाड्यांच्या धुराचे सरकारी निकष; बीएस-4 तेव्हा मुंबई, पुणे, सोलापूर अशा मोजक्या शहरांतच आले होते), म्हणून माझ्या गाडीची मर्यादा 2.45 आहे आणि तिची पीयूसी दर सहा महिन्यांनी काढावी लागते. म्हणजे आजवर मी पंचविसाहून अधिक वेळा रांगेत उभा राहिलो, आणि त्यांतल्या किती वेळा नळी खरोखर आत गेली असेल, या विचाराने माझे डोके फिरते.

दुसऱ्या केंद्रावर यंत्र बंद होते, तरीही कागद मिळत होता. तिसऱ्या केंद्रावर यंत्र चालू होते, नळीही स्वच्छ होती. पण केंद्रचालक म्हणाला, ‘‘जुनी गाडी आहे, एवढी रेस दिल्यावर बेल्ट तुटला तर भरून कोण देणार?’’ त्याची भीती खोटी नाही, जुन्या इंजिनांत असे होऊ शकते. पण मी लिहून द्यायला तयार आहे म्हटल्यावरही त्याने नळीला हात लावला नाही आणि वर म्हणाला, की लिहून देण्यापेक्षा नंबरप्लेटचा फोटो काढून घ्या.

पीयूसी नसेल तर 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद कायद्यात आहे. ही सगळी जरब कागद नसलेल्या माणसावर चालते. न मोजता आकडा छापणाऱ्याला कोणी विचारत नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की गंगाखेड रस्त्यावर काळा धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे तास-तास चालावे लागते, मागच्या सीटवर माझी दम्याची आई पदर नाकाशी धरून बसलेली असते, आणि त्या ट्रकवाल्याच्या खिशातही माझ्यासारखाच एखादा 0.84 चा कागद असेल, हे मला आता कळले आहे.

तो कागद नूतनीकरणाच्या अर्जाला जोडायला माझे मन होईना. मी संबंधित कार्यालयात लेखी तक्रार घेऊन गेलो. तिथल्या बाबूंनी ती वाचली आणि विचारले, ‘‘प्रमाणपत्र तर मिळालं ना तुम्हाला? मग तक्रार कशाची?’’ मी तक्रार परत घेतली नाही. दोन्ही प्रतींवर शिक्का मिळेपर्यंत टेबलासमोर उभा राहिलो आणि माझी प्रत घरी घेऊन आलो. गाडीचा खरा आकडा मला अजूनही माहीत नाही.