दुकान मांडलंय म्हणालात, त्यावर

नमस्कार सर, (शिक्षक होता असं लिहिलंत म्हणून सर म्हणतेय.) लेखनावर घर चालवण्याचा हिशोब मी पोस्टमध्ये मांडला, त्यावर तुम्ही म्हणालात की त्यात खर्च कुठेच नाही, हा सरस्वतीचा बाजार आहे, जुन्या लोकांनी कधी दुकान मांडलं नाही आणि पैशाकडे बघून लिहिणारा शेवटी गिऱ्हाईकाला आवडेल तेच लिहितो. दोन दिवस डोक्यात तेच होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

जुन्या लोकांचं म्हणाल तर हरिभाऊ आपट्यांनी १८९० ला करमणूक हे साप्ताहिक स्वतः काढलं आणि आपल्या बऱ्याच कादंबऱ्या त्यातच क्रमशः छापल्या. अत्र्यांनी १९४० ला नवयुग साप्ताहिक, १९५६ ला मराठा दैनिक काढलं, सिनेमेही काढले. आपलं लिहिलेलं लोकांपर्यंत कसं जाणार आणि त्याचे पैसे कुठून येणार हे दोघांनीही आपल्या हातात ठेवलं, याला मी तरी कमीपणा मानत नाही.

आता माझं सांगते. पहिलं पुस्तक २०१४ ला आलं, किंमत २०० रुपये, रॉयल्टी दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे २० रुपये. हजार प्रती सगळ्या खपल्या तरी वीस हजार, आणि लिहायला तीन वर्षं गेलेली. त्यातलेही किती आले विचाराल तर पहिल्या वर्षाचा एक चेक, नंतर ना हिशोब ना फोन, आणि दुकानात विचारलं की 'आउट ऑफ प्रिंट'. करार अर्ध्या पानाचा होता, 'सर्व हक्क' एवढं लिहिलेलं, मुदत कुठेच नाही. सात वर्षं मला वाटत होतं की पुस्तक आता माझं राहिलंच नाही. मग एका वकील मैत्रिणीने तो कागद बघितला आणि कॉपीराइट कायद्याचं कलम १९(५) काढून दाखवलं, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे २०१९ लाच हक्क माझ्याकडे परत आले होते आणि मला पत्ताच नव्हता! त्या दिवशी मी खरंच रडले.

मग प्रकाशकाला तसं रजिस्टर पत्र पाठवलं आणि नवी आवृत्ती स्वतः काढली, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. ५०० प्रती, छपाई प्रतीला ८५, म्हणजे साडेबेचाळीस हजार आधीच खिशातून. किंमत २४०, दुकानदार चाळीस टक्के घेतो म्हणजे ९६, उरले १४४, त्यातून छपाई काढली की ५९. तेच वाचकाला थेट २०० ला दिलं, पोस्टेज वेगळं, की ११५ राहतात. म्हणून रात्री जेवणं झाली की त्याच टेबलावर ब्राऊन टेप, कात्री आणि पत्त्यांची वही घेऊन मी पार्सलं बांधते, कोपऱ्यांना पुठ्ठा लावते नाहीतर पोस्टात कोपरे मुडपतात. त्या वहीत आज मला वाचक कुठे कुठे आहेत ते दिसतं, चंद्रपूर, बेळगाव, बडोदा. पहिल्या आवृत्तीचा एकही वाचक मला माहीत नाही.

एक गोष्ट तुमची शंभर टक्के बरोबर आहे. मी जमेचा आकडा लिहिला पण खर्च लिहिला नाही, त्यामुळे पुस्तकावर घर चालतं असं वाटलं असेल कोणाला. तसं नाहीये. घर चालतं अनुवादावर, त्याखालोखाल कार्यशाळा, पुस्तकं तिसऱ्या नंबरवर. मूळ पोस्टमध्ये आजच दुरुस्ती करतेय.

आणि गिऱ्हाईकाचं म्हणाल तर अनुवादाने किराणा भरला जातो म्हणूनच कादंबरीत मला कोणाचं तोंड बघावं लागत नाही. सध्या जी लिहितेय ती एका बंद पडलेल्या सूतगिरणीतल्या बायकांवर आहे, तिला दोन वर्षं झाली, अजून वर्ष जाईल, आणि ती खपेल की नाही याचा विचार मी ती लिहून झाल्यावर करणार आहे.

तुमचे दोन कवितासंग्रह आलेत असं शेवटी लिहिलंत ना, त्यांचे करार घरात असतील तर एकदा काढून मुदत लिहिलीय का तेवढं बघा. नसेल तर मला कळवा, मी पाठवलेल्या पत्राचा मसुदा तुम्हाला देते.