बापूजी अण्यांच्या चरित्रातले सहा महिने

२९ ऑगस्ट जवळ आला की आमच्या वणी भागातल्या शाळांतून लोकनायक बापूजी अणे यांच्या जयंतीची तयारी सुरू होते. माझ्या शिक्षकीच्या काळात अशी किमान वीस भाषणे मी ऐकली असतील आणि त्यातली काही मीच केली आहेत. सगळ्यांचा साचा एकच असतो : १८८० साली वणीत जन्म, यवतमाळात वकिली, टिळकांचे अनुयायित्व, पुसदचा जंगल सत्याग्रह, आणि मग एकदम राज्यपालपद. १९४१ ते १९४३ हा काळ आम्ही एका वाक्यात संपवतो, किंवा वगळतो. मला वाटते, हे वगळणे बापूजींवर अन्याय करणारे आहे, आणि आमच्याच भागातल्या चिमूर गावावरही.

बापूजींचे सार्वजनिक आयुष्य समजून घ्यायचे तर त्या वेळचा वऱ्हाड समोर ठेवावा लागतो. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख होता. १९०२ च्या करारानुसार इंग्रज सरकार वर्षाला २५ लाख रुपये देऊन तो कायमच्या पट्ट्याने वापरत होते आणि मध्य प्रांताला जोडून त्याचा कारभार चालवत होते. त्यामुळे दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात वऱ्हाडचा प्रतिनिधी बसायचा तो मोठ्या विचित्र रीतीने : लोकांनी मते देऊन त्याला निवडायचे आणि मग सरकारने त्याची नेमणूक करायची, कारण कायद्याच्या भाषेत वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हता. बापूजी १९२४ पासून याच वाटेने तिथे गेले. ज्या मुलखाचे कायद्यातले स्थानच असे अधांतरी, त्याचा कैवार घ्यायला कायदा जाणणारा माणूस लागत होता, आणि यवतमाळच्या कचेरीत १९०८ च्या सुमारास वकिली सुरू केलेला हा संस्कृतचा गाढा अभ्यासक त्यासाठी योग्य होता. १९२८ साली भारताच्या राज्यघटनेचा आराखडा करणाऱ्या मोतीलाल नेहरूंच्या समितीतही ते होते. आमच्या मुलांना हे आम्ही सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

विधिमंडळात जावे की बाहेर राहून लढावे, हा त्या पिढीपुढचा खरा प्रश्न होता. टिळकांनी प्रतियोगी सहकारितेची भूमिका मांडली होती : सरकार जेवढे देईल तेवढे घ्यावे, त्याचा पुरेपूर उपयोग करावा आणि उरलेल्यासाठी भांडत राहावे. १९२५-२६ मध्ये वऱ्हाड-नागपूरकडच्या आणि पुण्या-मुंबईच्या अनेक पुढाऱ्यांनी, विधिमंडळात शिरून सरकारची अडवणूक करू पाहणाऱ्या स्वराज्य पक्षाची चाकोरी सोडून हीच भूमिका पुन्हा हाती घेतली, त्यांत बापूजी होते. पुढे त्यांनी जे जे केले, त्यातले बरेचसे मला याच धाग्याने उलगडते.

आणि तरी १९३० च्या जुलैत हेच बापूजी पुसदला होते. विदर्भाला समुद्र नाही, त्यामुळे मीठ तयार करून कायदा मोडणे इथे सोपे नव्हते. पण इथल्या माणसाला सरकारचा जाच रोज जाणवायचा तो जंगलाच्या हद्दीवर. ज्या कुरणात आज्याची गुरे चरली तिथेच नातवाने बैल नेला तर दंड, सरपणाची मोळी आणली तर दंड. आमच्या घरी गोष्ट सांगतात, की माझ्या आज्याला गवताच्या एका भाऱ्यासाठी दिवसभर फॉरेस्टच्या नाक्यावर बसवून ठेवले होते आणि तिकडे वावरात डवरणी खोळंबली होती. म्हणून जेव्हा १० जुलै १९३० रोजी पन्नाशीला टेकलेल्या बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात विळ्याने गवत कापले आणि अटक करून घेतली, तेव्हा त्याचा अर्थ शेतकऱ्याला भाषणावाचून कळला. विधिमंडळातल्या वकिलाने कायदा मोडण्यासाठी गवताची पेंढी हातात घ्यावी, यात त्यांनी आपल्या लोकांचे दुःख किती नेमके ओळखले होते ते दिसते.

त्यानंतर १९३३ साली ते काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष होते, आणि सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रहाची मुभा देण्याचे अवघड काम त्यांच्या वाट्याला आले. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या, म्हणजे धर्मावार वेगळे मतदारसंघ देण्याच्या इंग्रज सरकारच्या निर्णयाच्या, प्रश्नावर काँग्रेसने ना स्वीकार ना नकार अशी भूमिका घेतली, तेव्हा ती न पटल्यामुळे मदनमोहन मालवीय आणि ते बाहेर पडले व त्यांनी वेगळा राष्ट्रवादी पक्ष काढला. त्या प्रश्नावरचे त्यांचे मत मला पूर्णपणे पटत नाही. परंतु वर्षभरापूर्वी ज्या संस्थेच्या शिरोभागी बसलो ती एका मतासाठी सोडणे सोपे नसते.

आता त्या वगळलेल्या काळाकडे येतो. १९४१ साली व्हाइसरॉयने आपले कार्यकारी मंडळ वाढवले आणि बापूजींनी त्यात परदेशांत राहणाऱ्या भारतीयांचे खाते स्वीकारले. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांना अटक झाली तेव्हा ते त्या मंडळात होते, आणि नंतरही त्यात राहिले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. तिथे गोळीबार झाला, जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले, आणि मग लष्कर व पोलीस गावात आले. घरांत उरलेल्या बायकांवर जे अत्याचार झाले, ते सांगताना आजही आमच्याकडची म्हातारी माणसे आवाज खाली आणतात. वणीहून वरोऱ्यामार्गे चिमूर काही फार लांब नाही. बापूजींच्या जन्मगावच्या शेजारचे म्हणावे असे हे गाव होते.

सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी हे गाऱ्हाणे घेऊन दिल्लीला गेले ते थेट बापूजींकडे. चौकशी व्हावी, आणि बापूजींनी स्वतः चिमूरला यावे, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा नोव्हेंबर १९४२ मध्ये भन्साळी बापूजींच्या घरीच उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला परत पाठवले. उपोषण चालूच राहिले, ६३ दिवस, १२ जानेवारी १९४३ पर्यंत.

मी या प्रसंगाशी अनेक वर्षे झगडलो आहे. पुसदच्या शेतकऱ्याचे दुःख ज्या माणसाला गवताच्या काडीत दिसले, त्याला चिमूरच्या बायकांसाठी प्रवासाला का निघता आले नाही? आत राहिल्यानेच काही करता येईल, हा त्यांचा जुना विश्वास त्यांना थांबवत असावा, असे मला वाटते. आणि त्या वेळी तो विश्वास चुकीचा ठरला होता, असेही मला स्पष्टपणे वाटते. चिमूरला जाणे हे त्यांचे कर्तव्य होते.

परंतु गोष्ट तिथे संपत नाही. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असतानाच, २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांना सोडायला सरकार तयार नव्हते, आणि १७ फेब्रुवारीला होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे या कार्यकारी मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले. एका उपोषणाने जे झाले नाही ते दुसऱ्याने झाले. ऑगस्ट ते फेब्रुवारी हे सहा महिने या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार केल्यावाचून त्या राजीनाम्याचे वजन कळत नाही. ऑगस्टचे मौन वगळले, तर फेब्रुवारीचा राजीनामाही वगळावा लागतो, आणि आमच्या भाषणांत नेमके तेच होत आले आहे.

पुढे सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, भारत सरकारचे प्रतिनिधी, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल, आणि १९६२ साली वयाच्या ८१ व्या वर्षी वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत. २६ जानेवारी १९६८ रोजी ते गेले. टिळकांवर त्यांनी रचलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या पश्चात मिळाला.

यंदाच्या जयंतीला मला एका शाळेने बोलावले आहे. पुसदच्या गवताबरोबर भन्साळींचे उपोषणही सांगणार आहे, असे मी मुख्याध्यापकांना कळवले. त्यांनी थोडा विचार केला आणि दहावीच्या मुलांना पुढे बसवतो म्हणाले.